उलट्या हाताचं माप

चौतीस वर्षं मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्सची प्रॅक्टिकल्स घेतली. ‘आधी शून्य कुठे आहे ते बघा, मग रीडिंग घ्या’ हे मी इतक्या वेळा बजावलं असेल की मुलांनी माझं नाव ‘झिरो एरर सर’ ठेवलं होतं. (काही मोजत नसतानाही यंत्र शून्याऐवजी जो आकडा दाखवतं ती झिरो एरर, ती रीडिंगमधून वजा करायची.) आजही सांगलीत एखादा टक्कल पडलेला चाळिशीचा गृहस्थ गाडी थांबवतो, नमस्कार करतो आणि हसत म्हणतो, “सर, झिरो एरर!” मला बरं वाटतं. निदान काहीतरी लक्षात राहिलं.

अशा माणसाच्या घरात, त्याच्या देखरेखीखाली, त्याच्या आईला बेडसोअर झाला, म्हणजे पडून राहिल्याने दाबाखाली होणारी जखम. मी रोज बघत होतो आणि मला दिसला नाही.

२०२२चा एप्रिल होता. आई त्र्याऐंशीची. न्हाणीघरात पाय सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, आठव्या दिवशी घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची यादी, पुढची तारीख, आणि अगदी तळाला दोन शब्द होते: ‘बॅक केअर’. तो केअर म्हणजे नेमकं काय करायचं हे सांगायला तिथे कुणाला सवड नव्हती, आणि विचारायचं मलाही सुचलं नाही. घरी येऊन इंटरनेटवर शोधलं. दर दोन तासांनी कूस बदला, चादरीला सुरकुती राहू देऊ नका, माकडहाड, खुबे, टाचा, डोक्याची मागची बाजू इथे लाली येते का ते रोज पाहा. एवढं कळल्यावर माझ्यातला प्रॅक्टिकलवाला जागा झाला. भिंतीवर तक्ता लावला. वेळ, कूस, शेरा. कॉलेजातली एक कोरी जर्नल घरात पडून होती, ती काढली. रोज सकाळी खिडकी उघडून, वर मोबाइलचा टॉर्च मारून आईची पाठ तपासायची आणि लिहायचं, ‘लाली: नाही’.

“काय रे बघतोस एवढं,” आई भिंतीकडे तोंड करून म्हणायची, “पाठीवर काय धडा छापलाय माझ्या?”

रात्रपाळीला एक मावशी यायच्या. हडकुळ्या, बोलायला कमी, कमरेला पिशवी खोचलेली. दहा-बारा वर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसांचंच करत आलेल्या. त्यांच्या पाचव्या-सहाव्या रात्री लाइट गेली. पंखा थांबला, घर तापलेल्या तव्यासारखं झालं, आणि मावशी अंधारातच चाचपडत आईचा डायपर बदलत होत्या. मी मेणबत्ती शोधत होतो.

“सर, हितं गरम लागतंया.”

मी टॉर्च घेऊन गेलो. माकडहाडावर त्यांनी उलटा हात टेकवला होता, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा. हात बाजूला घ्यायला लावून मी निरखून पाहिलं. कातडी जशीच्या तशी होती. लाली नाही, फोड नाही, ओरखडा नाही.

“मावशी, उकाडा केवढा आहे. सगळंच गरम लागणार.”

“सगळं न्हाई वो,” त्या म्हणाल्या. “हितंच.”

सकाळी मी जर्नलमध्ये लिहिलं, ‘लाली: नाही’.

त्या रात्रीनंतर चौथ्या दिवशी रंग आला, पण लाल नव्हे. वाळत चाललेल्या जांभळासारखा, कडेला पुसट, मध्ये गडद. त्यानंतर दोन दिवसांत वरची कातडी भिजलेल्या कागदासारखी सरकली आणि खाली काय आहे ते दिसलं. पुढचे चार महिने ड्रेसिंग, हवेची गादी, तो वास, आणि घरातल्या सगळ्यांच्या चेहऱ्यावरचं न बोललेलं काहीतरी. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. मावशींनी एकदाही ‘म्हनलं हुतं की’ असं म्हटलं नाही, तेच मला जास्त लागलं.

नंतर मी वाचायला बसलो. मास्तर माणूस, अपराधाचं ओझं अभ्यासात उतरवायची सवय.

पहिली गोष्ट कळली ती अशी की मी जिथे बघत होतो तिथे सुरुवात होतच नाही. माणूस पाठीवर निजला की गादी बाहेरून दाबते आणि हाड आतून. सगळ्यात जास्त ताण येतो तो हाडाला लागून असलेल्या मांसात. १९३० साली युजीन लँडिस या शरीरशास्त्रज्ञाने नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्यांत अतिसूक्ष्म नळी घालून आतला दाब मोजला होता. धमनीकडच्या टोकाला तो ३२ मिलिमीटर पारा इतका भरला. ब्लडप्रेशरच्या १२०-८०च्या हिशेबात हे किती थोडं! बाहेरून याहून जास्त दाब पडला की रक्त आत शिरायचं थांबतं, असा तेव्हापासूनचा ढोबळ हिशेब. तो सगळ्यांना सगळीकडे तसाच लागू पडत नाही, पण कल्पना यायला पुरेसा आहे. जागा माणूस बसल्या बसल्या नकळत अंग हलवतो, झोपेतही कूस बदलतो. मोडलेल्या खुब्याची म्हातारी बदलत नाही. आत, हाडाजवळ, मांस उपाशी राहतं, सुजतं, मरायला लागतं, आणि ते वरच्या कातडीला कळायला कधी कधी दिवस लागतात.

हापूसचा साका आठवा. पेटीतून काढलेला आंबा बाहेरून केशरी, देठाला वास, बोटाला नेमका मऊ. सुरी घातली की आत पांढरट, स्पंजासारखा, आंबट गर. बाहेरच्या सालीला त्याचा पत्ताही नसतो. न कापता साका ओळखता यावा म्हणून क्ष-किरणांपासून इन्फ्रारेडपर्यंत किती खटपटी झाल्या आहेत. आईच्या पाठीला साका लागला होता आणि मी सालीवर टॉर्च मारत होतो.

दुसरी गोष्ट जास्त बोचली. ‘लाली बघा’ ही सूचना कुणाच्या कातडीसाठी लिहिली होती?

नर्सिंगच्या पुस्तकांत एक साधी परीक्षा असते. संशयाच्या जागी बोट दाबायचं, किंवा पारदर्शक चकती दाबून तिच्यातून बघायचं. निरोगी कातडी पांढरी पडते आणि सोडल्यावर पुन्हा रंगते. तुम्ही आत्ता आपलं नख दाबून बघा, तेच. दाबूनही लाली हटत नसेल तर समजायचं की इजा झाली, पहिली पायरी आली. परीक्षा नामी आहे. पण आमचं घराणं सावळं, आई तर चांगली काळीसावळी. तिच्या पाठीवर दाबल्यावर पांढरं काय पडणार? मुळात लालच काय होणार? मेलॅनिन या काळसर रंगद्रव्याचा पडदा असलेल्या कातडीवर तीच सूज किंचित जांभळट, राखाडी, नुसती चकचकीत, किंवा अजिबातच न दिसणारी असते. त्या वेळी मी जी छायाचित्रं धुंडाळत होतो त्यांतल्या पाठी बहुतेक गुलाबी होत्या. अमेरिकेतल्या ज्या तज्ज्ञ मंडळाच्या पायऱ्या जगभर वापरतात, त्यांनी पहिल्या पायरीच्या व्याख्येत ‘गडद त्वचेवर वेगळं दिसू शकतं’ असं वाक्य घातलं आहे. २०१६मध्ये त्यांनी ‘अल्सर’ हा शब्दही बदलून ‘इंज्युरी’ केला, कारण पहिल्या पायरीला उघडी जखम नसतेच. पण वेगळं म्हणजे कसं, हे टॉर्च धरून उभ्या असलेल्या मुलाला त्या वाक्यातून कळत नाही.

त्वचेच्या डॉक्टरांकडे रंगाची एक मोजपट्टी असते, फिट्झपॅट्रिक यांची. १९७५ साली हार्वर्डच्या या त्वचारोगतज्ज्ञाने ती बांधली ती गोऱ्या रुग्णांना अतिनील किरणांचे उपचार देताना डोस ठरवता यावा म्हणून. प्रश्न साधा: उन्हात तुम्ही भाजता की रापता? सुरुवातीचे प्रकार चारच, गोऱ्यांचेच. तपकिरी आणि काळी कातडी पाचवा आणि सहावा म्हणून मागाहून जोडली गेली. आमच्याकडे लग्नाच्या जाहिरातीत सुद्धा गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी, काळीसावळी एवढ्या छटा भरतात (त्यामागचा विचार काही फार थोर नसतो, पण डोळा तेवढा तयार असतो). या छटांतल्या बहुतेक त्या मोजपट्टीच्या शेवटच्या दोन-तीन खणांत दाटीवाटीने बसवायच्या.

आणि हे फक्त डोळ्याचं नाही, यंत्राचंही आहे. कोविडच्या दुसऱ्या लाटेत आमच्या गल्लीत एकच पल्स ऑक्सिमीटर घरोघर फिरत होता. चौऱ्याण्णवच्या खाली गेला की धावाधाव. बोटातून लाल आणि इन्फ्रारेड असे दोन प्रकाश पाठवून रक्तातला ऑक्सिजन ओळखायचा, ही करामत जपानच्या ताकुओ आओयागी यांची, १९७०च्या दशकातली. ते गेले २०२०च्या एप्रिलमध्ये, त्यांचं यंत्र सगळ्या जगाच्या बोटाला लागलं होतं तेव्हा. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मिशिगनच्या डॉक्टरांनी आकडे छापले. यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना रक्ताच्या तपासणीत ऑक्सिजन खरोखर धोक्याइतका खाली असल्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के निघालं. झिरो एरर. कातडीच्या रंगाची झिरो एरर, आणि ती कोणी वजा करत नव्हतं.

मग कातडीची तब्येत रंगाचा आधार न घेता, न कापता, न टोचता मोजायची कशी? हा प्रश्न मला बेडसोअरपासून जरा लांब घेऊन गेला, पण मजा आली, म्हणून सांगतो.

माझा एक जुना विद्यार्थी मुंबईत एका कॉस्मेटिक कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. क्रीम लावल्याने कातडी ‘सुधारते’ की नाही हे मोजणं हेच त्याचं काम. त्याने बोलावलं, मी गेलो. आधी वीस मिनिटं नुसतं बसवून ठेवलं. खोलीत एसी, तापमान एकवीस, पंखा नाही, वाऱ्याची झुळूक नाही, चहा नाही. “सर, घाम असेल तर रीडिंगला अर्थ नाही,” तो म्हणाला. मला सांगलीचा मे आठवला. या यंत्रांचं जगच मुळी थंड देशातलं.

मग त्याने माझ्या मनगटाच्या वर, हाताच्या आतल्या बाजूला बोटाच्या पेराएवढी एक नळी टेकवली, दोन्ही तोंडांनी उघडी. नळीच्या आत दोन वेगवेगळ्या उंचीवर दमटपणा आणि तापमान मोजणारे संवेदक. कातडीतून सतत थोडी थोडी वाफ बाहेर पडत असते. ती घाम नव्हे, घामाच्या ग्रंथींचा तिच्याशी संबंध नाही. ती खालच्या संवेदकाला जास्त जाणवते, वरच्याला कमी, आणि या फरकावरून ताशी दर चौरस मीटरला किती ग्रॅम पाणी उडतंय ते निघतं. सूत्र फिक या शास्त्रज्ञाचं, १८५५ सालचं, दाट जागेकडून विरळ जागेकडे पदार्थ किती वेगाने पसरतो ते सांगणारं. मी ते फळ्यावर शेकडो वेळा लिहिलं होतं. स्वतःच्या हातावर सुटलेलं पहिल्यांदाच पाहिलं. आकडा आठच्या आसपास येऊन थांबला.

“आता बघा सर.” त्याने चिकटपट्टीचा तुकडा त्याच जागी चिकटवला, दाबला, उचकटला. दुसरा. तिसरा. दहा. पंधरा. दरवेळी पट्टीवर पिठूळ, जवळजवळ न दिसणारा ठसा. वीस पट्ट्या झाल्यावर जागा किंचित चुरचुरत होती एवढंच, दिसत काही नव्हतं. माझ्या कातडीवर तर नाहीच. नळी पुन्हा टेकवली. आकडा चढत चढत विशीच्या पुढे गेला.

प्रत्येक पट्टीबरोबर मेलेल्या पेशींचा एकेक पापुद्रा निघत होता. त्या थराची एकूण जाडी, हाता-पायांचे तळवे सोडले तर, दहा-वीस मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे दहा-वीस हजारांश. बारीक जाडी मोजायच्या स्क्रूगेजवर एक भाग म्हणजे ०.०१ मिलिमीटर. म्हणजे माणसाला आतून ओला आणि बाहेरून कोरडा ठेवणारं जे काही आहे ते माझ्या प्रॅक्टिकलच्या स्क्रूगेजवर एक किंवा दोन भागांचं! बारावीची मुलं एवढं रीडिंग नुसत्या अंदाजाने ढकलून देतात.

कातडी म्हणजे झिलई दिलेली चिनी मातीची बरणी. झिलई खरवडली की तिचा माठ होतो. पाणी पाझरायला लागतं, आणि ज्या वाटेने पाणी बाहेर येतं त्याच वाटेने साबण, लघवी, जंतू आत जायला मोकळे. ओल्या डायपरमध्ये रात्र काढलेल्या म्हातारीची झिलई कुणी चिकटपट्टीने नव्हे, आमच्यासारख्यांच्या आळसाने खरवडलेली असते. ती खरवडली गेल्याचं ही नळी डोळ्याआधी सांगते, आणि गोरं-काळं विचारत नाही.

परत येताना रेल्वेत एक विचार छळत राहिला. एवढी नाजूक यंत्रं, एवढी शांत खोली, आणि मोजायचं काय, तर विशीतल्या मुलींच्या गालाला क्रीमने किती ओलावा दिला. विद्यार्थ्याचा यात दोष नाही. तो पोटापाण्याला करतो आणि चोख करतो. पण ती नळी एखाद्या सरकारी दवाखान्याच्या बायकांच्या वॉर्डात फिरलेली मी पाहिलेली नाही.

बेडसोअरसाठी म्हणून बनलेलं एक यंत्र मात्र आहे, आणि त्यामागची युक्ती वाचून मी टेबलावर हात आपटला. कॅपॅसिटर! धातूच्या दोन पट्ट्या समोरासमोर ठेवल्या की त्या विजेचा भार साठवतात, आणि किती साठवतात ते मधल्या पदार्थावर ठरतं. मध्ये कोरडा कागद ठेवला तर त्याचा आकडा, डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट, तीनच्या आसपास, पाणी ठेवलं तर ऐंशीच्या घरात. मांसाला इजा झाली की पहिल्यांदा तिथल्या केशवाहिन्या झिरपू लागतात आणि पेशींच्या मध्ये पाणी साचतं. वरून काही दिसत नाही, पण कातडीखाली काही मिलिमीटरपर्यंत ओल वाढलेली असते. लॉस एंजेलिसच्या नर्सिंगच्या एका प्राध्यापिकेने, बार्बरा बेट्स-जेन्सन यांनी, ही ओल मोजण्याचा नाद धरला, आणि त्यातून मुठीत मावणारा स्कॅनर तयार झाला. तो टेकवायचा, ओल किती ते आकड्यात येतं. अमेरिकेच्या नियामक संस्थेने २०१८मध्ये त्याला परवानगी दिली. ब्रिटनच्या संस्थेने २०२०मध्ये, आश्वासक आहे पण पुरावा अजून पुरेसा नाही, असा शेरा मारला. नाहक घंटाही तो बरीच वाजवतो. मला दोन्ही शेरे पटतात.

पण खरी गंमत वापरण्याच्या पद्धतीत आहे. एका ठिकाणचा एकच आकडा घेऊन तो स्कॅनर काहीच सांगत नाही. माकडहाडावर आणि त्याच्या आजूबाजूला अशी अनेक रीडिंग्ज घ्यायची, आणि सगळ्यात मोठ्यातून सगळ्यात लहान वजा करायचं. वजाबाकी ०.६ किंवा त्याहून जास्त आली तर सावध व्हायचं. म्हातारीची कातडी मुळात कोरडी असेल, हवा दमट असेल, यंत्र थोडं जास्त दाखवत असेल, हे सगळं दोन्ही आकड्यांत सारखंच शिरतं आणि वजाबाकीत उडून जातं. 

सगळं न्हाई वो. हितंच.

तो परिच्छेद वाचताना मला हे वाक्य असं ऐकू आलं की मी चष्मा काढून ठेवला. मी त्या रात्री मावशींना उकाड्याचं कारण सांगितलं होतं. त्यांनी उकाडा आधीच वजा केलेला होता. हात आधी खुब्याला, मग पाठीला, मग माकडहाडाला लावून. चौतीस वर्षं झिरो एरर शिकवणाऱ्या माणसाला ती वजाबाकी कळली नाही, कारण ती वहीत मांडलेली नव्हती.

नंतर पाहिलं तर गडद कातडीसाठी जाणकार हेच सांगतात: रंगावर विसंबू नका, हात लावा. आजूबाजूपेक्षा गरम आहे का, की उलट गार पडलंय, टणक लागतंय का, की मळलेल्या कणकेसारखं दबतंय, दुखतंय का. सुजलेल्या ठिकाणी रक्त धावतं म्हणून गरम, पुढे रक्तच पोचेनासं झालं की गार. आणि हात उलटा का, तर तळव्याला आयुष्यभराची घट्टे पडलेली जाड कातडी, मागची पातळ.

मावशींच्या सगळ्याच गोष्टी बरोबर होत्या असं नाही, हेही लिहायला हवं. तापलेल्या जागी स्पिरिट आणि पावडर लावून रगडायचं, असं त्यांना कुठल्याशा दवाखान्यात जुन्या सिस्टरांनी शिकवलं होतं, आणि ट्यूबसारखी रबरी रिंग बुडाखाली ठेवायची. ही एके काळची रीतच होती. आता दोन्ही नको म्हणतात. रगडल्याने आतलं मेलेलं मांस आणखी फाटतं, आणि रिंगच्या कडेवर नवा दाब येतो. मी सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली आणि पावडरचा डबा मुकाट्याने कपाटात ठेवला. मी त्यांच्या हाताचं ऐकलं नव्हतं, त्यांनी माझ्या वाचनाचं ऐकलं.

ऑगस्टमध्ये आईची पाठ भरत आली होती, तेव्हा मावशींनी डावी टाच उचलून दाखवली. “भिजल्या पावागत लागतीया.” रंग? काही नाही. या वेळी मी टॉर्च आणला नाही. दोन्ही पोटऱ्यांखाली उशी सरकवली, टाचा अधांतरी केल्या, गादीला लागूच दिल्या नाहीत. जर्नलमध्ये ‘लाली’चा रकाना खोडून ‘हात’ असा रकाना आखला आणि त्यात मावशी सांगतील ते लिहायला लागलो. गरम. जरा गरम. सारखं. सारखं. टाच शेवटपर्यंत फुटली नाही. आई त्यानंतर आणखी दहा महिने होती.

ती जर्नल अजून चालू आहे. मला बारा वर्षं साखर आहे. मागच्या वर्षी डॉक्टरांनी पायाच्या तळव्यांना नायलॉनचा एक दोरा टेकवला. तो वाकेपर्यंत दाबला की बरोबर दहा ग्रॅमचा जोर पडतो. “कळतंय का?” असं विचारत गेले. डाव्या अंगठ्याखाली त्यांनी दोनदा विचारलं, तेव्हा मला कळलं की पहिल्यांदा मला कळलं नव्हतं.

पायाची जाणीव गेली की दुखणं जातं, आणि दुखणं जाणं हे चांगलं नसतं हे कुष्ठरोग्यांच्या पायांवरून पॉल ब्रँड या डॉक्टरांनी जगाला दाखवलं. जन्म १९१४चा, तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरातला, मिशनऱ्याचा मुलगा. १९४६पासून वेल्लोरला. पाय कुष्ठरोगाने झडतात हे तोवर सगळ्यांनी गृहीत धरलेलं होतं. ब्रँड म्हणाले, झडत नाहीत, न दुखल्यामुळे झिजवले जातात. एकाच ठिकाणी रोज थोडा थोडा मार बसत राहतो, दुखत नाही म्हणून माणूस लंगडत नाही, आणि आत साका धरतो. ते रुग्णांच्या तळव्यांवरून हात फिरवून तापलेली जागा शोधत. पुढे अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेल्यावर त्यांनी थर्मोग्राफीच्या, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या, चित्रांत तीच तापलेली ठिकाणं दाखवली, जखम होण्याच्या आधी. त्यावरूनच पुढे मधुमेहींसाठी घरच्या घरी करायची पद्धत निघाली. दोन्ही पायांची त्याच त्या जागांची तापमानं रोज घ्यायची आणि वजा करायची. फरक २.२ अंश सेल्सिअसच्या वर गेला, दुसऱ्या दिवशीही तसाच राहिला, तर चालणं कमी करायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं.

कोविडमधली ताप मोजायची पिस्तुलं आता घरोघर अडगळीत पडली आहेत. मी माझं काढलं. त्यात कपाळाची सोय असते आणि पृष्ठभागाची असते, बटण दाबून पृष्ठभागाची घ्यायची, नाहीतर ते मनानेच आकडा वाढवून सांगतं. रोज सकाळी, पाय धुण्याआधी, पंखा बंद करून, एकाच अंतरावरून. प्रत्येक पायाला सहा ठिकाणं. पिस्तूल अर्धा अंश चुकत असेल तर चुकू दे, दोन्ही पायांना सारखंच चुकेल. आणि इन्फ्रारेडच्या हिशेबात कातडीला रंग नसतो. गोरा असो की आमच्यासारखा, उष्णता बाहेर टाकण्याचं प्रमाण, उत्सर्जनांक, ०.९८च्या आसपास, आणि आदर्श ‘कृष्णवस्तू’चा असतो १. भौतिकशास्त्रात सगळी माणसं कृष्णवस्तूच, हे मी वर्गात कधी सांगितलं नव्हतं, सांगायला हवं होतं.

गेल्या दिवाळीला मावशी फराळाला आल्या होत्या. आता त्या विश्रामबागेत कुणा दुसऱ्या आजींचं बघतात. मी कौतुकाने जर्नल दाखवली. डावा, उजवा, फरक. त्यांना अक्षरं लागत नाहीत, पण तक्ता ओळखीचा होता. त्यांनी चकली बशीत ठेवली, पदराला हात पुसला आणि म्हणाल्या, “पाय वर घ्या.”

मी संकोचलो. वयाने त्या माझ्याहून मोठ्या. पण त्यांनी सोफ्यावरच माझे पाय ओढून घेतले, आधी उजव्या तळव्याला, मग डाव्याला, मग परत उजव्याला उलटा हात लावला. अंगठ्याखाली जरा जास्त वेळ.

“डावा गरम हाय.”

“सकाळी मोजलाय मावशी. फरक शून्य पूर्णांक तीन. काही नाही तेवढा.”

“आसंल,” त्या म्हणाल्या आणि चकली उचलली.

त्या गेल्यावर मी पिस्तूल काढून पुन्हा मोजलं. शून्य पूर्णांक सात. त्या दिवसाच्या ओळीपुढे दोन्ही आकडे लिहिले, ‘हात’च्या रकान्यात ‘डावा गरम’ लिहिलं, आणि चपला बदलायला बाजारात गेलो.